गयावहिनींची पांढरी

झरी ते परभणी या रस्त्यावर मी एकोणीस वर्षं जीप चालवली. त्या जीपमध्ये एका वेळी जास्तीत जास्त एकतीस माणसं बसली होती, हे मी कुणालाही, कुठंही, शपथेवर सांगायला तयार असे. फक्त गयावहिनी गाडीत असल्या की पंचाईत व्हायची. मी एकतीस म्हणालो की मधल्या सीटवरून, खिडकीबाहेर बघत बघतच आवाज यायचा, "सतरा. अन् एक बोकड."

सगळी गाडी हसायची. बोकडसुद्धा हसला असं मी पुढं सांगत असे, पण वहिनी गाडीत नसताना.

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या गावाला सवय आहे. त्यामुळं मीही आधीच दुप्पट करून सांगतो, म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही. वहिनींच्या बोलण्यातून मात्र वजा करायला काही सापडायचंच नाही. आता त्या नाहीत, आणि त्यांच्याबद्दल लिहायची पाळी गावात नेमकी माझ्यावर आली. तेव्हा वाचणाऱ्यानं एवढं करावं, वहिनी जे बोलतात तेवढं जसंच्या तसं धरावं. बाकीचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. त्यांचे मालक गावकीच्या हिशेबानं माझे थोरले भाऊ लागत, म्हणून त्या वहिनी आणि मी भाऊजी. मालक लवकर गेले. शेत दिराच्या वाट्याला गेलं आणि वहिनींच्या वाट्याला दोन खणांचं घर आलं. मग त्या परभणीत माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागल्या. रोज सकाळी माझ्या जीपनं जायच्या आणि संध्याकाळी माझ्याच जीपनं यायच्या. अंगानं काडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा. बोटांची टोकं मात्र पिवळट. तिथल्या नारंगी औषधाचा रंग रबरी मोज्यातूनही आत यायचा म्हणे.

या बाईंची एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. त्या 'लय' म्हणत नसत. आमच्या भागात हा शब्द न वापरता माणसाला सकाळी तोंडसुद्धा धुता येत नाही. ऊन लय, थंडी लय, सासू लय वाईट, सून त्याहून लय. आणि वहिनींना विचारावं, आज ऊन लय हाय का, तर त्या हात खिडकीबाहेर काढून जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "कालच्यापेक्षा जास्त हाय."

प्रयोगशाळेत त्यांना शिकवलं कुणीच नव्हतं. पण धुवायला आलेल्या चंबूच्या तळाला जो रंग उरायचा, तो बघून बघून त्यांना माती वाचता यायला लागली. जीपमध्ये एकदा त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. "मातीत नारंगी औषध टाकतेत. कुजलेला पाला, मुळ्या, शेण असं काही मातीत असलं की नारंगीचं हिरवं होतंय. त्याला कर्ब म्हनतेत. जितका कर्ब, तितकं हिरवं. काईच न्हाई झालं तर समजायचं, हिनं नुसतं दिलंय, हिला कुनी परत केलं न्हाई."

एकदा एका गृहस्थानं विकायला काढलेल्या जमिनीची माती तपासायला आणली. चंबू असा काही हिरवागार झाला की साहेबानं चष्मा पुसला. वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "साहेब, ही रानातली न्हाई. तुळशीच्या कुंडीतली हाय." चाळणीवर उरलेला कचरा बघितला तर त्यात मंजिऱ्या आणि चिमूटभर हळदीकुंकू. तो गृहस्थ तिथून जो पळाला, तो थेट चुडाव्याच्या स्टेशनात जाऊन थांबला. (वहिनींच्या मते तो फाटकापर्यंत गेला आणि चप्पल विसरली म्हणून परत आला.)

आता गावाबद्दल सांगितलं पाहिजे. आमचं जुनं गाव नदीकाठी होतं. दोनदा पाणी घरात शिरलं, तेव्हा सगळं गाव उठून वर, रस्त्याकडेला आलं. लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून आणल्या आणि भिंती तिथंच सोडल्या. वीस पावसाळ्यांत भिंतींची माती झाली. गाव वसलेल्या जमिनीला आमच्याकडं पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. ती पांढरी पंचायतीच्या ताब्यात गेली आणि तिच्यावर वेड्या बाभळी माजल्या. इतक्या दाट, की एकदा आत शिरलेली शेळी तीन वर्षांनी नातवंडं घेऊन बाहेर आली.

वहिनी निवृत्त होऊन गावात आल्या त्याच सुमारास एक वीटभट्टीवाला पंचायतीकडं आला. पांढरीची सगळी माती मला उचलू द्या, मी देवळापुढं सभामंडप बांधून देतो, असं त्याचं म्हणणं. सरपंच उत्तमराव तयार होते. गाव तयार होतं. मीही तयार होतो, कारण मंडपाच्या सावलीत जीप उभी करता आली असती. ग्रामसभेत हात वर व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, ती जागा पाच वर्षं मला अन् या पाच बायांना द्या. आमी तिचं रान करतो. त्या पाच जणींकडं मिळून एक कुंडीभर जमीन नव्हती.

उत्तमराव हसत म्हणाले, "गयाबाई, माणसाच्या पायाखाली दोनशे वर्षं बडवलेली माती ती. तिथं कुसळ उगवंना. तिचं रान झालं हे आमी वळखायचं कसं?"

"तपासून. आज शंभर किलोत पाव किलो कर्ब हाय. मी बघितलंय. पाच वर्षांनी अर्धा झाला तर रान आमच्याकडं ठिवा. न्हाई झाला तर भट्टीला द्या."

अर्ध्याची अट त्यांनी स्वतःच घातली. मी बाजूला बसून डोळे मिचकावत होतो की वहिनी, थोडं कमी सांगा. पण असल्या खुणा त्यांना कधी कळल्या नाहीत.

मग त्या सहा जणी पांढरीत शिरल्या. बाभळी तोडल्या, खापरं वेचली, चुन्याचे गिलावे वेगळे काढले, कॅरीबॅगा ओढून काढल्या. एवढी खापरं निघाली की त्यात अजून एक गाव वसलं असतं. लोकांनी सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला बांधावर पेटवायला काढला की या काडेपेटीच्या आधी तिथं हजर. "जाळू नका, आमच्या पोटाला द्या," असं म्हणून पाट्या भरून न्यायच्या. भाद्रपदात ताग फुलावर आला की कापून मातीत गाडायच्या. हिरवंगार पीक गाडलेलं बघून गावातल्या म्हाताऱ्यांच्या पोटात तुटायचं.

आणि त्यांची जमीन मोजायची पद्धत तर जगात कुठं नसेल. गट नंबर नाही, बांध नाही. वहिनींच्या डोक्यात जुनं गाव जसंच्या तसं उभं होतं आणि त्या घरांवरून रान ओळखायच्या. मी एकदा तिथं गेलो तर कानावर काय पडावं? "सुमन, तुझ्या सयपाकघरात ताग दाट झालाय. थोडा काढ, अन् महादूच्या न्हाणीत भुसकट पसर." सुमन म्हणजे त्या पाचांतली सगळ्यात तरणी. ती उठून सासूच्या जुन्या स्वयंपाकघरात विळा घेऊन गेली. कुठं काय होतं त्यावरून कुठं काय येईल हे वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं. महादूच्या गोठ्यात तूर डोक्याच्या वर जाईल. गल्लीत काही येणार नाही. आणि सरपंचांच्या बैठकीत तर मुळीच नाही.

हे उत्तमरावांना लागलं. त्यांची बैठक म्हणजे गावातली सगळ्यात टणक, रोज शेणानं सारवलेली, लाकडी बडवण्यानं बडवलेली. तिच्यावर चार पिढ्यांचे पंच बसले होते. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या बैठकीत न्हाई अन् महादूच्या गोठ्यात तूर?"

"तुमच्या बैठकीत माणसं बसत होती," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "गोठ्यात बैल बसत होते."

हे ऐकून महादूनं त्या रात्री जेवणाआधी बैलाच्या पाया पडल्याचं मी स्वतः बघितलं आहे.

एक तुकडा मात्र त्यांनी तसाच राखला होता. त्याला कुदळ लावली नाही, भुसकट टाकलं नाही, ताग पेरला नाही. सगळीकडं हिरवं आणि मधोमध दोन खणांएवढा पांढराफटक चौकोन. तो त्यांचाच. चुलीची जागा, उंबऱ्याची जागा सगळं तसंच दिसायचं. मला वाटलं, बाईमाणूस, घरावर जीव असणार. मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "जीवाचं न्हाई भाऊजी. जिथं काईच केलं न्हाई ती माती बी पायजे. न्हाई तर फरक कशाशी बघायचा?"

मी विचारलं, मग दुसऱ्या कुणाचं घर ठेवायचं.

"दुसऱ्याच्या घराला नापीक ठिवायला मी कोन?"

तिसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या मनानं माती तपासली. कुणी मागितली नव्हती. कर्ब वाढला नव्हता. उलट पावापेक्षा थोडा खाली गेला होता. दुसरं कुणी असतं तर तो कागद चुलीत घातला असता. मी असतो तर वर एक शून्य वाढवलं असतं. वहिनींनी ग्रामसभेत उभं राहून तो वाचून दाखवला. बडवलेली जमीन पहिल्यांदा उकरली की आत कोंडून राहिलेलं आधी उडून जातं, मग हळूहळू परत जमतं, एवढं सांगून त्या खाली बसल्या. भट्टीवाल्यानं त्या दिवशी गावात पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

पाचव्या वर्षीचा नमुना त्यांनी कसा भरला ते मी बघितलं आहे. दहा ठिकाणी नागमोडी फिरून, वरचा कचरा बाजूला सारून, वीतभर खोल खड्डे. त्यांच्या कडेची माती काढून जुन्या लुगड्यावर ओतायची, कालवायची, चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले परत कालवायचे, परत चार भाग. असं करत करत शेवटी अर्धा किलो राहिला तो पिशवीत, आणि तेवढाच दुसरा डबा भरून घरी. गोठ्याच्या जागेजवळ जायचं नाही, झाडाखाली जायचं नाही. माझी बायको लग्नाचे लाडू वळताना एवढी दक्षता घेत नव्हती.

त्या दिवशी वहिनींना ताप होता. पिशवी माझ्याकडं दिली आणि म्हणाल्या, परभणीत पोचती करा भाऊजी.

इथून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पिशवी माझ्या शेजारच्या सीटवर होती. गावाबाहेर माझ्या गोठ्यामागं चांगलं मुरलेलं खत होतं, काळंभोर. आयुष्यभर मी जिथं तिथं थोडं वाढवून सांगत आलो, त्यात कधी कुणाचं वाईट झालं नाही. सहा बायांचं पाच वर्षांचं काम एका पिशवीत बसलेलं होतं आणि मला वाटलं, पिशवी जरा हलकीच आहे. जीप थांबवली. पुढचं मिनिटभराचं काम.

अहवाल आला तो दीड टक्क्याचा.

ग्रामसभेत उत्तमरावांनी तो वाचला आणि माना डोलायला लागल्या. सुमन आणि बाकीच्या बाया एकमेकींना चिमटे काढत होत्या. कुणी तरी मागून ओरडलं, माय, पास झालीस, आता पेढे वाट. उत्तमरावांनी नारळसुद्धा आणवला होता. हरल्यावर माणूस एवढा मोठ्या मनाचा होतो हे मी त्यांच्यात पहिल्यांदा बघितलं.

वहिनींनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग उठल्या.

"हा कागद माझ्या रानाचा न्हाई."



"नदीकाठच्या काळ्या रानाला बी एवढा येत न्हाई. पांढरीला पाच वर्षांत कुठून येईल? मी पास झाले न्हाई. कुनी तरी कॉपी केलीय. परत तपासा. माझ्या घरातला डबा बी नको. खड्डे सरपंचांनी काढावेत, समद्यांदेखत."

सुमन रडकुंडीला आली. हातात आलेलं रान ही बाई स्वतःच्या हातानं देऊन टाकतेय असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. उत्तमरावांनी नारळ खुर्चीखाली ठेवला.

वहिनींनी सभेत माझ्याकडं बघितलंही नाही. संध्याकाळी त्या जीपपाशी आल्या आणि मधल्या सीटवर, आपल्या जागेवर, बसल्या. गाडी कुठंच जायची नव्हती. म्हणाल्या, "किती टाकलं भाऊजी?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कमी करून सांगितलं. "एक मूठ."

"दोन," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "एका मुठीनं दीड होत न्हाई."

 त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमी गोष्टीत वाढवा. लोक ऐकून हसतेत अन् घरी जातेत. मातीचं वाढवून सांगितलं की पुढच्या साली कुनी तरी त्या भरवशावर पेरतंय. सुमनच पेरील."

एवढं बोलून उतरल्या. दार नेहमीप्रमाणं दोनदा लावलं, कारण ते एकदा लावून लागत नाही हे त्यांना माहीत होतं.

दुसरा नमुना गावासमोर भरला. उत्तमरावांनी धोतर खोचून स्वतः खड्डे घेतले. वहिनी लांब उभ्या राहून फक्त एवढंच म्हणायच्या, अजून चार बोटं खोल. सातवा खड्डा त्यांच्याच बैठकीत आला. उत्तमरावांनी खुरपं मारलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. आधी त्यांना वाटलं, जागा चुकली. मग त्यांनी ढेकूळ उचललं, तर त्यातून एक गांडूळ लोंबत होतं. सापाएवढं होतं असं मी सांगतो. करंगळीएवढं असेल. उत्तमराव ते हातात घेऊन बराच वेळ तिथंच उकिडवे बसले. बापाच्या बैठकीत त्यांना असं बसलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी वहिनींनी आपल्या राखून ठेवलेल्या चौकोनातली माती दुसऱ्या पिशवीत भरली. या वेळी दोन्ही पिशव्या उत्तमरावांनी स्वतः नेल्या, माझ्याच जीपनं, मांडीवर ठेवून. मी गिअर बदलला तरी ते माझ्या हाताकडं बघत होते. म्हणजे त्यांना कळलं होतं. वहिनींनी सांगितलं नसणार. माझा चेहराच बोलला असेल.

निकाल आला. वहिनींच्या घराची माती होती तिथंच, पावावर. रानाची अर्ध्याच्या जवळ आली होती. पण अर्ध्याला कमी.

ग्रामसभेत वहिनी म्हणाल्या, "अट पुरी झाली न्हाई. जागा पंचायतीची." आणि खाली बसून पदरानं खुरपं पुसायला लागल्या, जसं कुणाला तरी परत द्यायचं आहे. भट्टीवाला पुढं येऊन बसला होता. त्याची ट्रॉली शाळेमागं उभी होती.

उत्तमरावांनी दोन्ही पिशव्यांमधली उरलेली माती टेबलावर शेजारी शेजारी ओतली. एक ढीग राखेसारखा, एक खाकी, जरा गडदकडं झुकलेला. त्यांनी दोन्हींत एकेक हात घातला. म्हणाले, "अट म्हंजे अट. ती मोडायची न्हाई. पण अट मंजूर केली कुनी? या सभेनं. मुदत वाढवायची तर ती बी सभाच वाढवनार. माझ्या बैठकीत आज गांडूळ हाय. मी हयात असताना तिथं ट्रॉली लागायची न्हाई. अजून दोन वर्षं. ज्याला पटत न्हाई त्यानं हात वर करावा."

हात एकच वर गेला, भट्टीवाल्याचा, आणि तो गावचा मतदार नव्हता.

दोन वर्षांनी परत तपासलं तेव्हा अर्धा ओलांडला होता. किती ओलांडला ते मी सांगणार नाही, मला मोह होतो. कागद पंचायतीत लावलेला आहे, कुणीही जाऊन बघावा. रान त्या बायांच्या नावानं झालं. सभामंडप अजून झालेला नाही आणि माझी जीप उन्हातच असते.

वहिनींना मी शेवटचं नीट बघितलं ते त्यानंतरच्या मृगात. तब्येत उतरली होती, चार पावलं चाललं की थांबायच्या. मला म्हणाल्या, पांढरीत सोडा. सुमन आधीच तिथं होती. बैठक, गोठा, स्वयंपाकघरं सगळं पेरून झालं होतं आणि मधला पांढरा चौकोन तेवढा राहिला होता, सात वर्षं राहिला होता तसा. मात्र या वेळी त्यात कुदळ मारलेली होती. वहिनींनीच मारायला लावली होती. "फरक कळला," त्या म्हणाल्या. "आता ते राखून काय करायचं?"

सुमननं तागाचं बी त्यांच्या ओंजळीत घातलं. वहिनी त्या चौकोनापाशी आल्या आणि जिथं उंबरा होता तिथं थांबल्या. चपला काढल्या. एकीशेजारी एक, नीट बाहेर ठेवल्या, आणि मग आत गेल्या. चुलीच्या जागेपाशी उभ्या राहिल्या.

सुमननं विचारलं, "माय, घर आठवायलंय का?"

 कुठलंही माप सांगण्याआधी थांबायच्या, तशा वहिनी थांबल्या. पिवळट बोटांत बी चाळवलं.

"लय," म्हणाल्या, आणि मूठ उघडली.